कीवर्ड रिसर्चचं टूल कसं निवडायचं: कार्ड बाहेर काढण्याआधी करायच्या गोष्टी

एसईओ, म्हणजे साईट गुगल सर्चमध्ये वर आणायचं काम, शिकायला घेतलं की थोड्याच दिवसांत माणूस या प्रश्नावर येतोच, की कीवर्ड रिसर्चसाठी, म्हणजे लोक काय टाईप करून शोधतात ते काढण्यासाठी, टूल कुठलं घेऊ. मग ज्याला विचारावं तो आपण वापरतो तेच टूल सांगतो. कोणी सेमरश म्हणतो, कोणी अहरेफ्स, कोणी म्हणतो कशाला पैसे घालवतोस, कीवर्ड प्लॅनर फुकट आहे की. गंमत म्हणजे सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात, कारण त्यांच्या साईट वेगळ्या, कामं वेगळी, आणि तुमची साईट त्यांच्यासारखी नाहीये.

त्यामुळे इथे टॉप १० टूल्सची यादी देत नाही. तशा याद्या पैशाला पासरी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अफिलिएट लिंकवर चालतात, ज्याचं कमिशन जास्त ते टूल पहिल्या नंबरावर. त्यापेक्षा टूल पारखायचं कसं ते सांगतो, आणि तेही तुमच्याच साईटच्या डेटावर. एखादी संध्याकाळ जाईल यात, पण वर्षाचा प्लॅन घेऊन नंतर कपाळाला हात लावण्यापेक्षा ते परवडलं.

आधी हे बघू की हे आकडे येतात कुठून

हा भाग जरा लांबेल, पण तो सोडून पुढे जाऊ नका, बाकी सगळं यावरच उभं आहे.

टूलमध्ये तुम्ही कीवर्ड टाकता आणि समोर येतं व्हॉल्यूम (महिन्याला किती वेळा सर्च होतं) अमुक, डिफिकल्टी (त्यावर वर येणं किती अवघड) तमुक. बघितल्यावर वाटतं की कोणीतरी बसून मोजलंय. तसं काही नसतं. व्हॉल्यूमचा मूळ झरा म्हणजे गुगलचं कीवर्ड प्लॅनर, आणि ते बनवलंय जाहिरात देणाऱ्यांसाठी, आपल्यासाठी नाही. २०१३ मध्ये जुनं कीवर्ड टूल बंद करून गुगलने हे आणलं, आणि २०१६ पासून ज्यांच्या अकाउंटवर जाहिरातीचा खर्च नगण्य आहे त्यांना सरळ आकड्याऐवजी रेंज दाखवायला सुरुवात केली, म्हणजे "१ हजार ते १० हजार" असं काहीतरी. आता यात सरळ दहापट फरक आहे, त्यावर काय डोंबलाचा निर्णय घेणार.

बरं, ज्यांना सरळ आकडा दिसतो त्यांचाही काही नेमका नसतो. एक तर तो मागच्या १२ महिन्यांची सरासरी असतो, म्हणजे जो विषय वर्षातून दोनच महिने चालतो तो बाराही महिने थोडाथोडा चालतोय असं वाटतं. दुसरं म्हणजे एकवचन, अनेकवचन, स्पेलिंगच्या चुका असे जवळचे प्रकार एकत्र करून सगळ्यांना एकच आकडा चिकटवलेला असतो. आणि वर तो ठराविक टप्प्यांवर बसवलेला असतो. हे टप्पे एकदा डोळ्यांत बसले की विसरत नाहीत: १,०००, १,३००, १,६००, १,९००, २,४००, २,९००, ३,६००, ४,४००, ५,४००, ६,६००, ८,१००. एखाद्या टूलमध्ये सारखे हेच आकडे दिसायला लागले तर समजायचं की हे प्लॅनरचाच डेटा नवीन पॅकिंगमध्ये विकतायत. त्यात पाप काही नाही, पण मग किंमतही त्याच हिशोबाने असली पाहिजे ना.

मोठी टूल्स यात आणखी एक गोष्ट मिसळतात, क्लिकस्ट्रीम डेटा. म्हणजे ब्राउझर एक्स्टेंशन, अँटिव्हायरस वगैरेंमधून काही लोकांच्या ब्राउझिंगचा नमुना गोळा होतो, तो विकत घ्यायचा आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. या धंद्यातली एक मोठी कंपनी होती जंपशॉट, अव्हास्ट अँटिव्हायरसवाल्यांची. प्रायव्हसीवरून बोंब झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये अव्हास्टने ती बंदच करून टाकली आणि तिचा डेटा वापरणाऱ्यांना दुसरी सोय बघावी लागली. सांगायचा मुद्दा हा की टूल तेच, स्क्रीन तीच, पण मागचा डेटा बदलू शकतो, आणि जिथे सर्च करणारेच कमी आहेत अशा भाषेत किंवा देशात हा नमुना इतका लहान होतो की अंदाज म्हणजे अंधारात तीर.

रँकचं वेगळं. कोण कितव्या नंबरवर आहे ते टूल्स स्वतः गुगलची रिझल्ट पेजेस ओढून बघतात. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने एका पेजवर १०० रिझल्ट मागवायची सोय काढून टाकली आणि रँक ट्रॅक करणाऱ्यांची पंचाईत झाली, जे काम एका रिक्वेस्टमध्ये उरकत होतं त्याला दहा लागायला लागल्या. दहापट रिक्वेस्ट म्हणजे खर्च वाढणारच. म्हणून टूल घेताना हे विचारायचं की रँक किती खोलपर्यंत बघता आणि किती दिवसांनी बघता, आणि उत्तर गोलगोल आलं तर काय ते समजून घ्यायचं.

पहिलं काम, घरचा डेटा

तुमच्या साईटवर कोण काय शोधून आलं याचा खरा डेटा एकाच ठिकाणी आहे, गुगल सर्च कन्सोल, गुगलचं साईट मालकांसाठीचं फुकट टूल. पूर्वी हे गुगल ॲनालिटिक्समध्ये सरळ दिसायचं, पण २०११ पासून गुगलने सर्च एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत जवळपास सगळे कीवर्ड "नॉट प्रोव्हायडेड" च्या खाली गेले, म्हणजे दिसेनासे झाले. आज कन्सोल नसेल जोडलेलं तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी ते जोडा, कारण डेटा जोडल्यापासूनच साठतो, मागचा मिळत नाही.

कन्सोलमध्ये परफॉर्मन्सचा सर्च रिझल्टवाला रिपोर्ट उघडा. १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो, पण आपल्याला सध्या मागचे तीन पूर्ण महिने घ्यायचेत. देशाचा फिल्टर लावा, ज्या देशातले वाचक हवेत तो एकच, कारण पुढे टूलमध्येही त्याच देशाचा डेटाबेस निवडायचाय आणि तुलना सारख्याला सारख्याची झाली पाहिजे. मग क्लिक, इंप्रेशन (तुमची लिंक किती वेळा दिसली), सरासरी पोझिशन (साधारण कितव्या नंबरवर) हे सगळं चालू करून एक्स्पोर्ट मारा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्क्रीनवर आणि एक्स्पोर्टमध्ये १,००० च ओळी मिळतात, जास्त हव्या असतील तर एपीआयने (प्रोग्रामने डेटा ओढायची सोय) किंवा लुकर स्टुडिओ (गुगलचं रिपोर्ट बनवायचं टूल) जोडून काढाव्या लागतात. आणि जे सर्च फार कमी लोकांनी केलेत ते गुगल प्रायव्हसीसाठी लपवतं, त्यामुळे ओळींची बेरीज आणि वरचा एकूण आकडा जुळत नाही, जुळवत बसू नका.

या यादीतून साधारण ३० कीवर्ड उचलायचे. पण कुठलेही नाही. ब्रँडचं नाव असलेले काढून टाका. मग असेच घ्या ज्यात तुमची सरासरी पोझिशन ५ च्या आत आहे. का, तर इंप्रेशन तेव्हाच मोजलं जातं जेव्हा तुमची लिंक असलेलं रिझल्ट पेज समोरच्याने उघडलं. तुम्ही १५ नंबरवर असाल तर दुसऱ्या पेजवर आलेलेच मोजले जाणार, आणि दुसऱ्या पेजवर जातंय कोण. पण पहिल्या पाचात असाल तर इंप्रेशन हे त्या कीवर्डच्या खऱ्या व्हॉल्यूमच्या बऱ्यापैकी जवळ जातं. थोडक्यात तुमच्याकडे ३० कीवर्डचा जवळपास खरा आकडा हातात आला, जो कुठल्याही टूलकडे नाही. ही आपली फूटपट्टी.

३० मध्ये मोठे, मधले, बारके असे सगळे असू द्या. आणि तुमचे वाचक जर दोन लिप्यांमध्ये टाईप करत असतील, म्हणजे कोणी देवनागरीत आणि कोणी रोमनमध्ये, तर दोन्ही प्रकार घ्या. मोठी टूल्स डेटाबेस देशाप्रमाणे वाटतात, भाषेप्रमाणे नाही, आणि लिपी बदलली की कीवर्डही वेगळा धरला जातो. एखादं टूल इंग्रजीत झकास चालतं आणि आपल्या भाषेत तोंडावर पडतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

साईट नवीन आहे, कन्सोल रिकामं आहे, असं असेल तर ओळखीत कोणाची त्याच विषयाच्या आसपासची साईट असेल तर त्यांच्याकडे एक्स्पोर्ट मागा. तेही जमत नसेल तर पैशाचं टूल आत्ता घेऊच नका, सहा महिने फुकटवाल्यांवर काढा. माझं यावर ठाम मत आहे. लिहायला विषय शोधायला पैसे लागत नाहीत.

फुकटात किती होतं ते आधी बघा

बरंच होतं. गुगलच्या सर्च बॉक्समध्ये आपोआप येणाऱ्या सूचना हा सगळ्यात ताजा स्रोत आहे, इन्कॉग्निटो विंडो उघडा म्हणजे तुमची जुनी हिस्टरी मध्ये येणार नाही. समजा साईट सायकल दुरुस्तीवर आहे. "सायकलची चेन" टाईप करा आणि पुढे स्पेस देऊन एकेक अक्षर टाकत जा, मग उलटं करा, "चेन" च्या आधी "का", "कशी", "किती" लावून बघा. मग सर्च करून खाली "लोक हेही विचारतात" मधले प्रश्न उघडत जा, एक उघडला की खाली आणखी येतात, पंधरा मिनिटांत चाळीसेक ओळी सहज जमतात. आन्सर द पब्लिक आणि अल्सोआस्क्ड ही टूल्स हेच काम आपोआप करतात, पहिलं सूचनांवर आणि दुसरं त्या प्रश्नांवर. वेळ वाचतो, माहिती तीच.

कन्सोलचा एक भाग लोक वापरतच नाहीत, तो म्हणजे रेजेक्स फिल्टर (शब्दांचा नमुना देऊन एका झटक्यात गाळणं), २०२१ पासून आहे. क्वेरी फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स निवडून "कसे|कशी|कसं|का|किती" असं टाकलं की प्रश्नासारखे कीवर्ड वेगळे निघतात. यात "का" मुळे थोडा कचरा पण येतो, तो हाताने काढायचा. मग पोझिशन ८ ते २० वाले बघा, म्हणजे गुगल तुम्हाला ओळखतंय पण पुढे आणत नाहीये. नवीन कीवर्ड शोधण्याआधी हे संपवा, नव्वद टक्के लोक इथे ढुंकूनही बघत नाहीत असं माझं निरीक्षण, आकडा मनाचा आहे.

गुगल ट्रेंड्स मात्र नीट समजून वापरायचं. तिथला ० ते १०० हा स्केल सापेक्ष आहे, १०० म्हणजे त्या काळातला त्या तुलनेतला सगळ्यात वरचा बिंदू, सर्चची संख्या नव्हे. वेब सर्चचा डेटा २००४ पासूनचा मिळतो आणि एका वेळी पाच गोष्टींची तुलना होते. आता यातली युक्ती सांगतो. तुमच्या फूटपट्टीतला एक कीवर्ड घ्या ज्याचा आकडा माहितीये, समजा महिन्याला ४,००० इंप्रेशन, आणि शेजारी तो नवा कीवर्ड टाका ज्याबद्दल काहीच माहीत नाही. देश तोच, काळ तोच. ओळखीच्याची सरासरी ४० येते आणि नव्याची २०, म्हणजे नवा साधारण २,००० च्या आसपास. झालं, व्हॉल्यूमचा अंदाज फुकटात, आणि बऱ्याचदा विकतच्या आकड्यापेक्षा सरस. फक्त दोन्ही "सर्च टर्म" म्हणूनच घ्या, एक टर्म आणि एक "टॉपिक" असं केलंत तर तुलना बाद, कारण टॉपिकमध्ये वेगवेगळे शब्द आणि भाषा एकत्र होतात. आणि फार बारक्या कीवर्डला ट्रेंड्स सपाट शून्य दाखवतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

प्लॅनरमध्ये रेंज दिसत असली तरी त्याचा दुसरा उपयोग आहे, कीवर्डऐवजी स्पर्धकाच्या साईटचा किंवा एखाद्या पेजचा पत्ता टाकायचा, त्या पेजशी जुळणारे कीवर्ड बाहेर येतात. एक इशारा: तिथला "कॉम्पिटिशन" चा कॉलम जाहिरातदारांमधली चढाओढ दाखवतो. "लो" दिसलं म्हणून रँक करायला सोपं असं धरून लोक महिनोनमहिने लेख पाडत बसतात.

बिंग वेबमास्टर टूल्समध्ये कीवर्ड रिसर्च फुकट आहे, आकडे बिंगचे असतात पण कल्पना मिळतात. आणि अहरेफ्स वेबमास्टर टूल्स स्वतःची साईट व्हेरिफाय केली की फुकट मिळतं, त्यात स्पर्धकांचं काही दिसत नाही पण आपले बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) आणि रँकवाले कीवर्ड दिसतात.

एवढं सगळं करून तुमचं काम भागत असेल तर भागलं. भागत नसेल तर कुठे अडतंय ते कागदावर लिहा, एका ओळीत. "स्पर्धक कुठल्या कीवर्डवर ट्रॅफिक घेतोय ते दिसत नाही." "दोन हजार प्रॉडक्टसाठी कीवर्ड हाताने काढणं शक्य नाही." "क्लायंटला दर महिन्याला रँकचा रिपोर्ट द्यावा लागतो." ही तिन्ही कामं वेगळी, आणि टूलही वेगळं येऊ शकतं. ओळ लिहिता येत नसेल तर टूलची गरज अजून आलेली नाही.

आता टूलची परीक्षा

दोन किंवा तीन टूल निवडा, त्यांचं ट्रायल किंवा फुकटचं अकाउंट घ्या. रोजची मर्यादा असते, सेमरशच्या फुकट अकाउंटवर दिवसाला १० रिक्वेस्ट मिळतात, म्हणजे ३० कीवर्ड तीन दिवसांत होतील, घाई नाही. शीटमध्ये पहिल्या कॉलममध्ये कीवर्ड, दुसऱ्यात कन्सोलची महिन्याची सरासरी इंप्रेशन, म्हणजे तीन महिन्यांचा आकडा भागिले ३, आणि पुढे एकेका टूलचं व्हॉल्यूम.

समजा असं चित्र आलं. "सायकलची चेन कशी साफ करायची" कन्सोलमध्ये ३,१००, पहिल्या टूलमध्ये २,९००, दुसऱ्यात ५,४००. "चेन सारखी का निसटते" कन्सोलमध्ये १,१५०, पहिल्यात २६०, दुसऱ्यात २,०००. "डिस्क ब्रेकचा आवाज" ६४०, पहिल्यात ०, दुसऱ्यात १,१००. "गिअर सेटिंग कसं करायचं" ४२०, पहिल्यात १,३००, दुसऱ्यात ७००.

पहिली ओळ बघून कोणीही म्हणेल पहिलं टूल भारी, ३,१०० ला २,९००, किती जवळ. पण खाली उतरा. दुसरं टूल सगळीकडे साधारण पावणेदोन पट फुगवून सांगतंय, पण सगळीकडे सारखंच फुगवतंय. क्रम बरोबर आहे, मोठा मोठाच आहे, बारका बारकाच आहे. पहिल्याने एका ठिकाणी नेम लावला आणि बाकी सगळीकडे भरकटलं, जो कीवर्ड सगळ्यात लहान त्याला दुसऱ्या नंबरावर बसवला. आपल्याला कीवर्ड रिसर्चमध्ये ठरवायचं काय असतं, तर आधी कशावर लिहू आणि नंतर कशावर. त्यासाठी क्रम लागतो, नेमका आकडा नाही. त्यामुळे इथे दुसरं टूल घ्यायचं, आणि त्याच्या आकड्याला मनात पावणेदोनने भागत जायचं. कितीने भागायचं ते कुठलंही टूल सांगत नाही, ते तुमच्या शीटमधूनच कळतं.

शून्य किती आले तेही मोजा. तुमच्याकडे दर महिन्याला इंप्रेशन येतायत आणि टूल म्हणतंय शून्य, असे ३० पैकी दहा-बारा निघाले तर त्या टूलचा डेटाबेस तुमच्या विषयात पातळ आहे. गुगल स्वतः सांगत आलंय की रोज होणाऱ्या सर्चपैकी १५ टक्के आधी कधीच न झालेले असतात, तेव्हा थोडे शून्य सगळ्यांकडे येणारच. पण जे पानभर शून्य दाखवतं त्याला पैसे देऊ नका, नाव कितीही मोठं असो.

डिफिकल्टीचा आकडा

यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. अहरेफ्सचं केडी, म्हणजे कीवर्ड डिफिकल्टी, हे पहिल्या दहा पेजेसना किती वेगवेगळ्या साईटवरून लिंक आहेत यावर निघतं, बाकी काही त्यात नाही. मॉझ हे टूल आपले पेज ऑथॉरिटी आणि डोमेन ऑथॉरिटी (पेजच्या आणि साईटच्या वजनाला त्याने दिलेले गुण) वापरतं. सेमरश आणखी बऱ्याच गोष्टी एकत्र करतं, आणि तुमच्या डोमेनप्रमाणे वेगळा आकडाही देतं. तिन्हीकडे स्केल ० ते १०० च, म्हणून लोकांना वाटतं एकच गोष्ट मोजतायत, आणि एकातला ३० घेऊन दुसऱ्यातल्या ३० शी तुलना करतात. करू नका.

"केडी २० च्या खालचे घ्या" असले सल्लेही सोडून द्या, तुमची रेघ तुम्हीच काढायची. ज्या कीवर्डवर तुम्ही आधीच पहिल्या पाचात आहात त्यांचं केडी टूलमध्ये बघून शीटमध्ये एका कॉलममध्ये लिहा. मग असे कीवर्ड घ्या ज्यावर पेज चांगलं आहे, सहा महिने होऊन गेलेत, आणि तरी २० च्या पुढेच अडकलंय, त्यांचंही लिहा. दोन्ही ढीग शेजारी ठेवा. जिंकलेले बहुतेक १८ च्या खाली आणि अडकलेले २५ च्या वर असं काही दिसलं तर तुमची रेघ वीसच्या आसपास, आज तरी. आणि दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले, जिंकलेल्यातही ४० आणि अडकलेल्यातही ५, तर त्या टूलचा केडी तुमच्या विषयात निरुपयोगी आहे, तो कॉलम लपवून टाका. हेही उत्तरच आहे.

रिझल्ट पेज स्वतः उघडून बघणं

कुठलंही टूल घेतलं तरी हे चुकत नाही. कीवर्ड टाकून पहिले दहा रिझल्ट बघायचे. सगळी दुकानांची पेजेस असतील आणि तुम्ही लेख लिहिणार असाल तर तो लेख तिथे बसणार नाही. सगळे व्हिडिओ असतील तर तेच. टूल्स आता प्रत्येक कीवर्डसमोर इंटेंटचं, म्हणजे शोधणाऱ्याच्या हेतूचं, लेबल लावतात, माहितीसाठी, खरेदीसाठी वगैरे, चाळणी म्हणून ठीक आहे, पण एकाच कीवर्डवर दोन्ही प्रकारचे रिझल्ट असतात तिथे ते गडबडतं.

मे २०२४ मध्ये अमेरिकेपासून सुरू होऊन गुगलचे एआय ओव्हरव्ह्यू (रिझल्टच्या वर एआयने दिलेलं उत्तर) पसरले, तेव्हापासून आणखी एक गोष्ट बघावी लागते: व्हॉल्यूम आहे पण क्लिक शिल्लक आहे का. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत मावतं तिथे वरच उत्तर मिळतं आणि माणूस निघून जातो. म्हणून टूल घेताना बघा की कीवर्डच्या यादीतच एआय ओव्हरव्ह्यू, व्हिडिओ, नकाशा हे सगळं आहे की नाही ते दिसतं का आणि त्यावर फिल्टर लागतो का. अहरेफ्सचं ट्रॅफिक पोटेन्शियल इथे कामाला येतं, ते एका कीवर्डचं व्हॉल्यूम न सांगता पहिल्या नंबरच्या पेजला सगळे कीवर्ड मिळून किती ट्रॅफिक येतंय त्याचा अंदाज सांगतं. कधीकधी ३०० व्हॉल्यूमच्या कीवर्डमागे हजारोंचं पेज लपलेलं असतं, आणि उलटंही.

प्लॅन वाचताना

किमतीकडे नंतर बघा, आधी मर्यादा. एका रिपोर्टमध्ये किती ओळी दिसतात, महिन्याला किती ओळी एक्स्पोर्ट होतात, दिवसाला किती रिपोर्ट, किती कीवर्डचा रँक ट्रॅक होतो, दुसऱ्या माणसाला लॉगिन द्यायचं तर वेगळे पैसे का. काही टूल क्रेडिटवर चालतात, प्रत्येक क्लिकला मीटर पडतो, आणि फिल्टर बदलला तरी पडतो. कीवर्ड्स एव्हरीव्हेअर हे एक्स्टेंशन पूर्वी फुकट होतं, ऑक्टोबर २०१९ पासून व्हॉल्यूमचा डेटा क्रेडिटवर गेला, पण ज्यांना महिन्यातून दोनदाच काम पडतं त्यांना दरमहा बिल भरण्यापेक्षा असलं परवडतं.

आणखी एक मार्ग आहे जो टूलवाल्यांना आवडत नाही: एक महिना घ्या आणि बंद करा. कीवर्ड काही रोज बदलत नाहीत. आधी यादी तयार ठेवायची, एक महिना पैसे भरायचे, स्पर्धकांचे कीवर्ड, आपल्या विषयाचं सगळं झाड, सगळं एक्स्पोर्ट करून ठेवायचं आणि पुढचे सहा महिने त्यावर लिहायचं. एकट्याने साईट चालवणाऱ्याला हेच योग्य, वर्षाचा प्लॅन फक्त त्यांनी घ्यावा ज्यांना रोज रँक बघावा लागतो किंवा जे क्लायंटचं काम करतात.

यूट्यूब किंवा ऑनलाईन विक्रीच्या साईटसाठी काम करत असाल तर हे वरचं व्हॉल्यूम बाजूला ठेवा, तिथले लोक वेगळं शोधतात. ट्रेंड्समध्ये वर "वेब सर्च" च्या जागी "यूट्यूब सर्च" निवडता येतं, आणि त्या त्या साईटच्या सर्च बॉक्समधल्या सूचना हा पहिला स्रोत. यूट्यूबसाठी विडआयक्यू आणि ट्यूबबडी, ॲमेझॉनसाठी हीलियम १०, परीक्षा त्याच पद्धतीने घ्यायची, फक्त फूटपट्टी कन्सोलऐवजी तुमच्या चॅनलच्या किंवा सेलर अकाउंटच्या रिपोर्टमधून काढायची.

एआय चॅटबॉटला कीवर्ड विचारणारे खूप झालेत. शब्द सुचवायला, पाचशे कीवर्डचे गट पाडायला तो उत्तम गडी आहे. पण स्वतःहून व्हॉल्यूम सांगायला लागला तर ते आकडे शीटमध्ये चढवू नका, डेटाबेस जोडलेला नसेल तर ते त्याने रचलेले असतात, आणि इतक्या आत्मविश्वासाने की खरे वाटतात.

ट्रायल घेताना शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची टाका, आणि बंद करण्याआधी सगळं सीएसव्हीमध्ये उतरवून घ्या, कारण प्लॅन संपला की बऱ्याच टूलमध्ये सेव्ह केलेल्या याद्या दिसतात पण उघडत नाहीत. कॅन्सलचं बटण सापडत नसेल तर सेटिंगमध्ये बिलिंगखाली बघा, आणि कन्फर्मेशनचा मेल आल्याशिवाय टॅब बंद करू नका.